शोरूमच्या तोंडावरचा बुरखा

ती. कुमुदमावशीस,

दिल्लीच्या धुरक्यात जेवढं वाकलेलं दिसेल तेवढं वाकून उल्काचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? (डॉक्टरांचं ऐकतेस का, हे विचारत नाही. तू कुणाचं ऐकलंयस?) मयूर विहारात आम्ही खुशाल. जयदीप निवृत्त झाल्यापासून मला दर रविवारी घराबाहेर पडावंसं वाटू लागलं, म्हणून जुन्या इमारतींची मापं घेऊन नकाशे करणाऱ्या मंडळींत नाव घातलं. तर हाही मागोमाग हजर! टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच, म्हणून चालवून घेतलं.

आमच्या वाट्याला आलं कश्मीरी गेटजवळचं मोटारींचं जुनं शोरूम. महिनाअखेर ते पाडणार. इमारत काही वाचत नाही, निदान कागदावर तरी ती पुरती उतरावी, एवढीच माझी धडपड. तुमच्या काळी गाड्या दोन-तीन तऱ्हेच्या, त्यासुद्धा नंबर लागेल तेव्हा. पण त्या मांडायचा थाट असा, की जणू उपवर मुलगीच दाखवायचीय! गोल वळलेली काच, पंखासारखं पुढे झेपावलेलं छत, गाडी आत चढवायला ऐटबाज उतार. हे सगळं ऐकलेलं. प्रत्यक्षात दिसले मोबाइल कव्हरांचे फलक, पत्र्याचं शेड आणि मोमोवाला.

तरी जयदीपने टेप लावली. आता दिल्लीत इमारतीला कुणी कौतुकाने टेप लावेल, हे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. त्यात माझ्या गळ्यात ओळखपत्र, आणि जयदीपचा तो तीस वर्षं फायली अडवून कमावलेला चेहरा! "सीलिंगवाले आ गए!" अशी हाळी उठली. (म्हणजे वाढवलेल्या दुकानांना टाळं ठोकणारे.) बघता बघता पत्रे उतरले, फलक गुंडाळले गेले, मोमोवाला वाफेसकट पसार. मालक भसीनजी कचोऱ्या घेऊन धावले. "मॅडमजी, ये सब टेम्परेरी है!" मी समजावलं, हम तो सिर्फ नक्शा बनाएँगे. ते आणखीच पांढरे पडले. "नक्शा भी बनेगा?" आणि गाजरहलवा मागवला.

पण मावशी, बुरखा गळून पडला होता! ऊन त्या गोल काचेवरून असं घरंगळलं, की भसीनजीच थबकले. "ये हमारी बिल्डिंग है?" मग जयदीपच्या हातून टेपचं टोक त्यांनीच घेतलं, आणि जयदीपने हलवा. संध्याकाळपर्यंत नकाशा पूर्ण.

तुझी,
उल्का

ता. क. पूर्ण म्हटलं ते जरा फुगवून. छतावर शोरूमचं नाव लिहिलेला मनोरा होता, त्याचा आता नुसता पाया उरलाय. काकांनी पहिली गाडी तिथूनच घेतली, तेव्हा दारात काढलेला फोटो पाठवतेस? तो समोर धरला की मनोऱ्याची उंची ताडता येईल, पण इमारत उभी आहे तोवरच.

पुन्हा ता. क. त्या फोटोतून तू द्वारकाआत्याला कात्रीने कापून काढलंस, हे आईने सांगितलंय. (नव्या गाडीत तुझ्याआधी पुढच्या सीटवर नणंद बसली, हा अपराध घोरच, मान्य.) अडचण अशी, की मनोरा नेमका आत्याच्या डोक्यावर होता. तो तुकडा त्यांनी जपून ठेवलाय. मी मागितला, तर म्हणाल्या, "वहिनीने स्वतः मागावा." तेव्हा यंदा गोड बोलायला संक्रांतीपर्यंत थांबू नकोस. आत्या दुपारी तीननंतर फोन घेतात.