मोटार दारात, मी स्टेशनात

ताई,
धाकट्याचा दंडवत. पत्र वाचून दाखवणाऱ्या सूनबाईला आशीर्वाद. इथले गुडघ्यांचे उपचार संपले, काळजी नसावी.

इथल्या संशोधकांनी म्हाताऱ्यांसाठी नवा प्रयोग काढलाय. एकाच तिकिटात मोटार दारातून रेल्वेपर्यंत नेते आणि उतरल्यावर दुसरी थेट घरी सोडते. मी तसाच येणार होतो. मोटार आठला यायची होती. पण ती आलीच नाही तर, या धास्तीने मी सहालाच कुलूप लावून काठी टेकत स्टेशन गाठलं. मोटार आली, कुलूप बघून परत गेली. प्रवासी घरी नाही म्हणून रेल्वेची जागाही आपोआप रद्द!

स्टेशनातली संशोधक मुलगी म्हणाली, "आजोबा, गाडी दारात येणार होती ना?"

"अगं, सत्तर वर्षं मीच गाडीमागे धावलोय."

तिने ते वहीत उतरवून घेतलं. मला त्याचा काय उपयोग?

पुढची जागा सोमवारी, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन शनिवारी. साध्या गाडीने यावं, तर तिच्या फलाटाचे जिने माझ्याने चढवत नाहीत. उशीर केला तर नजर जाईल, असं डॉक्टर म्हणालेत ना? जेवतेस ना नीट? 'तू आल्याशिवाय ऑपरेशनला आत जाणार नाही', हा हट्ट सोड. पाया पडतो ताई, माझ्यावाचून जा.

तुझा,
घाबरट भाऊ