जड पायाचा गाईड

३ सप्टेंबर, सकाळी ६.१०
पहिलं पान फाडावं लागलं. कॉफी सांडली. दोष टेबलाचा. या शहरात एक टेबल सरळ उभं राहील तर शपथ.

मुद्दा असा. साऊ मावशीच्या स्कूटर टूरमध्ये गाईडची एक जागा पक्की करायची आहे. उमेदवार दोन, मी आणि लुआ. निकाल ३० तारखेला. तसा तो लागलेलाच आहे, मावशीला तेवढा कळायचा बाकी आहे.

बाचा फोन आला. म्हणाला, कॉफीच्या मळ्यातून दोन महिन्यांत पळालास, सायगॉनच्या हॉटेलातून तीन आठवड्यांत, माकूळ पकडायच्या होडीवरून पहिल्याच दिवशी. आता ३०ला जागा पक्की झाली नाही तर मुकाट घरी यायचं. आठशे बदकं आहेत, माझी कंबर गेली आहे.
मी म्हटलं, बा, होडी हलत होती.
बा म्हणाला, होडी हलते रे बाबा.
या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

संकल्प: लुआ टूर साडेसातला काढते. मी साडेपाचला काढणार. क्वी न्योन शहर जागं होण्याआधी पाहुण्यांना क्वी न्योन दाखवणार. हे आजवर कुणालाही सुचलेलं नाही.

४ सप्टेंबर, दुपारी
डोकं फुटायची वेळ आली आहे. क्रमाने लिहितो.

ब्रायन आणि त्याची बायको, ऑस्ट्रेलियाचे. ५.४०ला सुक्या मासळीच्या बाजारात पोचलो. चिन काकू नुकतीच टोपल्या मांडत होती. ब्रायनच्या बायकोने सुकं माकूळ उचललं, हुंगलं, फोटो काढला, खाली ठेवलं. मग दुसरं. अशी अकरा माकुळं. मग नो थँक यू म्हणाली आणि चालू लागली.

भवानीच्या वेळी! पहिलं गिऱ्हाईक हात हलवत गेलं की त्या दिवसाचा धंदा बसला, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. मला माहीत नव्हतं असं नाही. पण बाईचा चेहरा घेणाऱ्याचा होता. चेहऱ्याने फसवलं, त्याला मी काय करू?

चिन काकूने वर्तमानपत्राची गुंडाळी पेटवली. अपशकुन जाळायला आधी टोपल्यांवरून फिरवली, मग माझ्या स्कूटरभोवती, मग माझ्याभोवती. तोंडाने चालूच. मेल्या, अजून माझं तोंड धुऊन व्हायचंय आणि तू हे बघे घेऊन आलास? पाय आहे की नांगर?

ब्रायन आणि बायकोने टाळ्या वाजवल्या. म्हणाले, वंडरफुल, हे काय आहे?
मी म्हटलं, स्वागत.

रागात असूनही किती हजरजबाबी आहे मी. लुआला कधी टाळ्या पडल्यात?

५ सप्टेंबर
ब्रायनने इंटरनेटवर लिहिलं: पारंपरिक अग्निस्वागत अविस्मरणीय. पाच तारे.
मावशीने विचारलं, हे अग्निस्वागत कुठून काढलंस?
मी म्हटलं, मावशी, काही गोष्टी आतून येतात.
ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. कौतुकाने असावं.

६ सप्टेंबर
पौर्णिमा. मला कुणीही सांगितलं नाही. माशांच्या शेवया खायला चार कोरियन बायकांना नेलं तर दुकानात सगळीकडे टोफू. पौर्णिमेला अर्धं गाव शाकाहारी असतं म्हणून काय पाहुण्यांनीही असायचं? दुकानदाराला झापलं. तो म्हणाला, वर चंद्र दिसतो, तो बघत जा.
चंद्र बघून गाईडगिरी करायची का मी?

८ सप्टेंबर, सकाळी ९
एक पेन मोडलं. संतापाने.

आज सहा पाहुणे. सहाही जण अग्निस्वागत वाचून आलेले. मी ठरवलं होतं की आज प्रत्येकाने काहीतरी घ्यायचंच. तसं स्पष्ट सांगितलं. पण एक टकल्या म्हणाला, घेतलं तर आग मिळत नाही ना? त्याने हे ब्रायनला ईमेल करून विचारलं होतं! असले अभ्यासू पाहुणे माझ्याच नशिबी.

सहा जण सहा दुकानांवर गेले. सहा भवान्या एका वेळी बुडाल्या. सगळ्या गल्लीत कागद पेटले. धुराने मांजरं पळाली. चिन काकूने तर माझ्याच हातातलं टूरचं माहितीपत्रक ओढून पेटवलं. कोळंबीवाली म्हणाली, जाळायला हेच बरं आहे, चांगलं जाड आहे.

पाहुणे खूश. प्रत्येकाचे पाच तारे. म्हणजे एकूण तीस. लुआचे या आठवड्यात बावीस. आकडे बोलतात, मी नाही.

९ सप्टेंबर
चिन काकू ऑफिसात आली. मावशीला म्हणाली, साऊ, पोरगा दिसायला बरा आहे, पण पाय फार जड, पडेल तिथला धंदा बसतो. काल दिवसभरात माझी दोन माकुळं गेली. दोन! त्यातलं एक मांजराने नेलं.
मी आतल्या खोलीतून ऐकत होतो. बाहेर जाऊन सडेतोड बोलणार होतो, पण हेल्मेटांचे पट्टे मोजायचे राहिले होते.

१२ सप्टेंबर
अन्याय. शुद्ध अन्याय.

टूर वेळेवर चालली होती. बदामाच्या झाडाखाली दोन म्हातारे चिनी बुद्धिबळ खेळत होते. त्यातल्या एकाचा रथ फुकट मरत होता. डोळ्यांसमोर रथ मरत असताना पुढे जाईल तो माणूस कसला? मी स्कूटर लावली. एकच सल्ला दिला. मग दुसरा. मग तो म्हातारा म्हणाला, एवढं कळतंय तर शेजारी बस. बसलो. फार तर दहा मिनिटं झाली असतील. (पाहुण्यांच्या मते पन्नास.)

मान वर केली तर पाहुणे गायब. लुआची टूर तिथून जात होती, तिने माझ्या चौघांनाही सामावून घेतलं. संध्याकाळी मला म्हणते, लाम दादा, उन्हात उभे होते बिचारे, तुमचा डाव मोडायला नको म्हणून मीच घेऊन गेले.
दादा म्हणते. तेही गोड आवाजात. याला म्हणतात राजकारण.

डावही हरलो. म्हाताऱ्याने ऐकलं नाही.

१५ सप्टेंबर
कट शिजला आहे. नावांसकट लिहून ठेवतो, पुढे उपयोगी पडेल. चिन काकूने बाजारभर सांगितलं आहे. उसाचा रसवाला मला बघून चरक थांबवतो आणि म्हणतो, आधी कुणीतरी पिऊन जाऊ दे, मग ये. घावनवाली तव्यावर झाकण ठेवते. आज तर लॉटरीची तिकिटं विकणारी म्हातारी, जी आंधळ्यालाही तिकीट चिकटवते, तिने मला ओलांडून पलीकडच्याला विचारलं!

अडाणी लोक. विसाव्या शतकात राहतात. मी या सगळ्याच्या वर आहे.

(तरी पाय घासून धुतले. मीठ घालून. उकाडा होता म्हणून.)

१८ सप्टेंबर
मावशीने बोलावलं. म्हणाली, लाम, वीस तारखेला लुआच्या टूरमध्ये मागच्या सीटवर बस. पाहुणा म्हणून. बघ ती काय करते.
मी म्हटलं, मावशी, सिंहाला कोल्ह्याच्या शाळेत पाठवतेस?
ती म्हणाली, सिंहाने हेल्मेट घालून सहाला यावं.

टूर साडेसातची, मग सहाला का? छळ करण्याची पद्धत.

योजना: लुआच्या चुकांची यादी करायची आणि ३० तारखेच्या आत मावशीच्या टेबलावर ठेवायची. त्यासाठी वेगळी वही घेतली. शंभर पानी.

२० सप्टेंबर, संध्याकाळी
चुकांची यादी:
१. स्कूटर फार हळू चालवते.
२. हळू चालवते हे पुन्हा नमूद करतो.

बाकी सांगतो. सहाला ती एकटीच बाजारात गेली, मी मागे. पाहुणा कुणी नाही. चिन काकूकडे एक माकूळ घेतलं, घासाघीस न करता, पहिल्या भावाला. काकूने नोट टोपल्यांवरून फिरवून कपाळाला लावली. पुढे कोळंबीवालीकडे मूठभर कोळंबी, भाजीवालीकडे एक जुडी, घावनवालीकडे एक घावन. सगळ्या गल्लीची भवानी पोरीने वीस मिनिटांत करून टाकली आणि घरी जाऊन आईला भाजी देऊन आली.

साडेसातला पाहुणे घेऊन परत त्याच गल्लीत. आता पाहुणे हुंगतायत, दाबतायत, परत ठेवतायत. आणि चिन काकू हसतेय! एका म्हाताऱ्या पाहुण्याच्या तोंडात स्वतःच्या हाताने माकूळ भरवलं. त्याने जाताना एक किलो घेतलं.

लुआला म्हटलं, हे तुला कुणी शिकवलं?
म्हणाली, कुणी नाही दादा. आईचं दुकान होतं. भवानी झाली की मग दिवसभर कुणी काही हाताळो, मन शांत असतं.

यात काय मोठंसं? मलाही सुचलं असतं. मी साडेपाचला निघत होतो म्हणून सुचायला वेळ मिळाला नाही, एवढंच. मला खरा राग याचा आहे की सतरा दिवस कुणी बोललं नाही.

घावन मात्र चांगलं होतं. तिने अर्धं दिलं.

२२ सप्टेंबर, सकाळी ८
लुआपेक्षा अर्धा तास आधी, साडेपाचला बाजारात गेलो. सगळ्यांची भवानी मीच करणार होतो. खिसा भरून सुट्टे.

चिन काकूने मला गल्लीच्या तोंडाशी पाहिलं आणि टोपल्यांवर प्लास्टिक ओढलं.
मी म्हटलं, काकू, एक माकूळ.
म्हणाली, विकायची नाहीत.
दहा दे.
तुझ्या हातची भवानी घेण्यापेक्षा मी समुद्रात परत सोडते त्यांना.
काकू, ती सुकलेली आहेत.
म्हणाली, पोहतील. तू समोरून जा, लगेच पोहतील.

सगळी गल्ली हसली. मीही हसलो असतो, पण रागात हसणं माझ्या तत्त्वात बसत नाही. कोळंबीवालीने आपल्या नवऱ्याला दारात आडवा उभा केला. शेवटी टोकाला एक नवी लिंबूवाली होती, मला न ओळखणारी. तिच्याकडून एक लिंबू घेतलं. सहा पावलं गेलो नाही तोच वारा आला आणि तिची छत्री उडून गटारात पडली.
वारा रोजच येतो. समुद्र आहे इथे. पण नाही, कागद पेटलाच.

२६ सप्टेंबर
बाचा फोन. घेतला नाही. मग घेतला.
बा म्हणाला, तुझी खोली झाडून ठेवली आहे.
मी म्हटलं, कशाला झाडलीस? कुणी सांगितलं होतं?
तो म्हणाला, कंबर बरी होती आज.
फोन ठेवल्यावर बराच वेळ फार चिडलो होतो. कुणावर ते आत्ता आठवत नाही.

३० सप्टेंबर
निकाल. जागा लुआला.

मी मावशीला सुनवायला सुरुवात केली. तीस तारे, अग्निस्वागत, सगळं काढलं. ती म्हणाली, ऐकून घे आधी. चिन काकू आणि बाकीच्या येऊन गेल्या. त्यांचं म्हणणं, पोरगा वाईट नाही, त्याला उपाशी मारू नका, पण दुपारी बाराच्या आत त्याचा पाय बाजारात नको. बारानंतर धंदा काय व्हायचा तो झालेला असतो, मग खुशाल येऊ दे. म्हणून तुला बारा ते दोनची टूर देते. महिनाभर बघू.

आधी फार संतापलो. मग विचार केला. लुआकडे सकाळ आहे. सकाळ कुणालाही दाखवता येते. बारा ते दोन ही वेळ मात्र संपूर्ण माझी. स्वतंत्र विभाग म्हणायचा.

बाला कळवलं. म्हणाला, पक्की जागा की कच्ची?
म्हटलं, दुपारची.
मग म्हणाला, बरं, महिनाभर बघ. जेवत जा.

२ ऑक्टोबर, दुपारी ४.३०
स्वतंत्र विभागाची पहिली टूर. पाहुणा एक, डीटर, जर्मन, वय साठ.

बारा ते दोन या शहरात माणूस जागा नसतो हे मावशीला माहीत होतं! चिन काकूलाही! बाजारात गेलो तर सगळ्या बायका टोपल्यांमागे आडव्या. रसवाला चरकाला टेकून घोरतोय. देवळाचा पुजारी झोपलेला. पोलीस झोपलेला. मी डीटरला शटरं दाखवली. ही निळी, ही हिरवी. तो व्हेरी इंटरेस्टिंग म्हणाला, दोनदा. रागाने माझ्या कानांतून वाफ येत होती.

साडेबाराला कॉफीच्या दुकानात झोपाळे टांगलेले दिसले. पुढची योजना नीट आखावी म्हणून एकात पडलो. डीटर दुसऱ्यात.

डोळे उघडले तेव्हा तीन वाजून गेले होते. डीटर नाही. स्कूटर नाही. किल्ली मीच टेबलावर ठेवली होती.

चारला तो आला. लाल झालेला, घामाघूम, हँडलला पिशव्या. म्हणाला, तू शांत झोपला होतास, उठवलं नाही. जुन्या देवळाचे जुळे मनोरे बघून आला. खाडीवरच्या पुलाच्या मधोमध थांबून मासेमार बघितले. परत येताना बाजार जागा झाला होता. चिन काकूने त्याला खाली बसवून माकूळ भाजून घातलं आणि पैसे घेतले नाहीत. रसवाल्याच्या नातवाचं नावही त्याला माहीत होतं. मला माहीत नव्हतं.

तो सांगत गेला. मी वही काढून लिहून घेत गेलो. पूल चढताना डावीकडे थांबायचं, उजवीकडे ऊन येतं, हेही त्यानेच सांगितलं.

मग माझ्याकडे बघून फार मायेने विचारलं, तू या शहरात नवीन आहेस का?

हो म्हटलं.