बावीस हजार आणि कव्वालीचा हंगाम

१६ एप्रिल २००६

परवाच्या जयंतीच्या कव्वालीचे यांनी आठशे आणून दिले. आठशे! गेल्या वर्षी याच गावातून अकराशे आले होते. का म्हणून विचारलं तर ओठांवर बोट ठेवलं. हंगाम लागला की हे घरात बोलत नाहीत, गळा राखतात. जयंतीपासून मेअखेरपर्यंत गरम पाणी, ज्येष्ठमध आणि पाटीवर लिहून दाखवणं. वीस वर्षांची सवय आहे मला. पण पैशाचं उत्तर पाटीवरही नाही!

दीपमालाच्या नर्सिंगला जूनमध्ये बावीस हजार भरायचे आहेत. माझी शाळा विनाअनुदानित, पगार आला तर आला. भिशी आणि साठवलेले मिळून तेरा हजार आहेत. राहिले नऊ. यंदा कार्यक्रमही नऊच. कापसावर लाल्या पडला, भाव पडला, गावांनी जयंतीची वर्गणीच निम्मी केली. म्हणजे कार्यक्रमामागे पूर्ण हजार हातात पडले तरच बेरीज जुळते. पहिल्यालाच दोनशे कमी.

२३ एप्रिल

साडेसातशे.

आज यांची इनामाची वही उघडली. चोरून. कार्यक्रमात कोणी अकरा-एकवीस रुपये दिले की नाव माईकवर पुकारतात आणि मग ते या वहीत उतरवतात. शेवटच्या पानावर पार्टीतल्या पाचही जणांचे वाटे असतात. आमच्या वाट्यासमोर लिहिलं आहे — वजा तीनशे. कोणाला, ते नाही. अक्षर यांचंच.

दीपमालाने पाहिलं. "आई, बाबांची झडती घेऊन राह्यली काय तू?"

तुझ्या फीसाठीच, म्हणाले. तर म्हणते, "नर्सिंग नाही झालं तं काय जग बुडते?" घाबरली असेल. घराबाहेर कधी राहिलेली नाही.

मुलीसाठी करते आहे हे खरं. पण वही उघडताना मुलीचा विचार मनात होता का? नव्हता.

२९ एप्रिल

पुन्हा वजा तीनशे.

२ मे

बेबीताई आली होती, तारखा ठरवायला. जळगाव जामोदची. मुकाबल्यात समोरच्या मंचावरून हिची पार्टी गाते, हे उत्तर देतात. वर्षानुवर्षं चाललं आहे. आल्या आल्या म्हणाली, "वहिनी, भाऊचा आवाज यंदा कसा कवळा लागून राह्यला! काय खाऊ घालता हो?" आणि यांच्याकडे बघून हसली. हे खाली बघून पेटीचा भाता पुसत बसले.

हातात बांगड्या नव्या होत्या. सोन्याच्या की पॉलिशच्या, कळलं नाही. जवळून पाहता यावं म्हणून मुद्दाम दुसरा चहा दिला — किती हलकी झाले आहे मी!

वीस वर्षांत या माणसाने मला संशयाला जागा दिली नाही. मग तीनशे रुपयांसाठी एवढं? पण तीनशे नाहीतच ते. नऊ गुणिले तीनशे, सत्तावीसशे. मुलीच्या फीतले.

५ मे

शाळेतून परस्पर गुलाम रसूलभाईंकडे गेले. ते यांच्या मागे बसून बेंजो वाजवतात, कोरस धरतात. बाकीचं वर्ष गाद्या भरतात. ओट्यावर कापूस पसरलेला, त्यांच्या दाढीतही कापूस. सरळ विचारलं — तीनशे कोणाकडे जातात?

"माह्याकडंच येते, वहिनी! लिहा वहीत — गुलाम रसूल चोर. बोलवा पोलिसाले!" खो खो हसले.

मीही हसले. नूरबी, त्यांची बायको, चहा घेऊन उभी होती. ती हसली नाही. निघताना फाटकापर्यंत आली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि "दीपमालाले सलाम सांगजा" एवढंच म्हणाली.

म्हणजे हिलाही माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. मलाच नाही.

७ मे

घरात तीन माणसं. एक बोलत नाही, एक टाळते, एक वह्या तपासते.

१४ मे

काल दुसरबीडला बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम होता. हे दुपारी पार्टीच्या जीपने गेले. दीपमालाला सांगितलं, मेहकरला मैत्रिणीकडे जाते. मेहकरहून दुसरी एस.टी. धरली. डोक्यावर पदर घेऊन बायकांच्या मागे बसले. नजर बेबीताईवर ठेवायची होती.

बेबीताईने सवाल टाकला. यांनी हात वर केला आणि जबाब सुरू झाला. आवाज खडा, भरलेला. मी समोरच्या मंचाकडेच बघत होते. पण वीस वर्षं हाच आवाज शेजारच्या खोलीत ऐकला आहे! हे तान घेताना आधी एक बारीकसा श्वास ओढतात. तो आला नाही. एकदा नाही, दोनदा नाही. मग यांच्या तोंडाकडे पाहिलं. तोंड उघडत होतं, मिटत होतं. मानेची शीर हलत नव्हती. मागे बेंजोवर वाकलेल्या गुलामभाईंच्या गळ्याची मात्र फुगली होती. माईक त्यांच्या दाढीत.

वीस वर्षं कोरस धरून गळ्याला गळा जुळलेला.

एवढ्यात पुरुषांतून एक म्हातारा बोलला.

"हा गळा याचा नाही बे. मागचा बेंजोवाला गाऊन राह्यला!"

"चाल बे बुढ्या. दारू पेला काय?"

"पाह्य ना! तोंड अन् सूर जुळते काय?" आणि तो उठून उभाच राहिला. दोघं-तिघं माना उंचावून बघायला लागले.

पर्समध्ये दोनशे दहा रुपये होते. परतीचं भाडं आणि आठवड्याचा किराणा. मंचापर्यंत कशी गेले आठवत नाही. पुकारणाऱ्याच्या हातावर एकशे एक ठेवले आणि काय बोलायचं ते सांगितलं. त्याने बाजा थांबवला.

"डोणगावच्या विमलबाई अश्वजित तायडे यांच्याकडून, अश्वजितभाऊंच्या आवाजासाठी, एकशे एक रुपये!"

मंडपात हशा पिकला. "बायकोनंच इनाम देलं!" "घरी नाही देत काय हो?" शिट्ट्या, टाळ्या. म्हाताराही हसत खाली बसला. पाठोपाठ अकरा-अकराच्या नोटा यायला लागल्या.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग हात वर केला.

त्या नोटा लाल्याने कापूस गेलेल्या माणसांच्या होत्या. आवाज खरा होता, माणूस खोटा. आणि माईकवरून मी खोटं बोलवून घेतलं. हे कुठे वजा करू?

१५ मे

काल रात्री यांनी पाटीवर लिहिलं. पुसून पुन्हा लिहिलं. चार पाट्या झाल्या. फेब्रुवारीपासून गळ्यात गाठ आहे. अकोल्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, चौदा हजार. तोवर बोलायचंही नाही. तीनशे गुलामभाईंना. ते घेत नव्हते, यांनीच बळेच दिले: "गळा त्याचा, मोल त्याचं."

मला का सांगितलं नाही?

"तू फीचे पैसे काढले असते."

काढले असते? रात्रभर विचार केला. हो, काढले असते. मग पुढच्या वर्षी फी कुठून, तेही त्याच हिशेबाच्या कागदावर मांडलं असतं. यांना भीती गाठीची नव्हती. माझ्या कागदाची होती.

म्हणून ठरवलं — यांच्या मनासारखंच करायचं. आधी फी. शाळेच्या पतपेढीत कर्जाचा अर्ज टाकला आहे, तो ऑपरेशनसाठी.

३० मे

हंगाम संपला. शेवटचे दोन हजार कमी पडत होते, ते बहिणीने दिले. बावीस पूर्ण. पतपेढीने अजून हो म्हटलेलं नाही. हे शांत झोपतात, मी नाही.

५ जून

दीपमालाला म्हटलं, उद्या बुलढाण्याला जाऊ, फी भरू. ती भांडी घासत होती. हात थांबवले नाहीत.

"फॉर्मच नाही भरला, आई. मुदत एकतीसले संपली. बाबांचा गळा आधी."

तिला कधीपासून माहीत होतं?

"अकोल्याले मीच तं नेलं होतं."

बावीस हजार समोर आहेत. मी यांना हाक मारली. हे दारात आले, आम्हा दोघींकडे पाहिलं. फॉर्मचं यांनाही माहीत नव्हतं.