अण्णांनी आधी चाखलेला चहा

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुम्ही रागावलात तरी मला ऐकू यायचं नाही. आणि आपल्या घरात काही ऐकू न येणं हीच केवढी मोठी गोष्ट. तुम्हाला आवाज यायचे. शेजारी चहात काहीतरी कालवतात, असं ते सांगायचे, म्हणून पंचवटीतल्या त्या स्वयंपाकघरात प्रत्येकाचा कप तुम्ही आधी चाखायचात, आमचा जीव वाचवायला. माझ्याही डोक्यात शाळेत पाठ केलेल्या कविता सारख्या चालू, त्या नादात मी घराकडे वळायचं विसरून पुढे जाणारा माणूस. मुलीचं लग्न ठरवायची वेळ आली आणि वाटलं, हे तिच्यातही उतरलं तर? तिलाच घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, स्किझोफ्रेनियाचा कल रक्तातून येतो, कुणाला आवाज, कुणाला संशय, ही तऱ्हासुद्धा कधी कधी घराण्यात सारखी दिसते. पण कल आला म्हणून आजार येतोच असं नाही, बहुतेक नातवंडं धडधाकट राहतात. मग मी हळूच माझ्या कवितांचं काढलं. त्या तुम्हाला हुकूम सोडतात का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे, पुढचं कडवं मलाच आठवावं लागतं. "मग घरी जा," ते म्हणाले.

तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. देवळाली कॅम्पची मंडळी मुलीला बघायला आली आहेत. मुलगा अंबडला कंपनीत. तुम्हाला आतल्या खोलीत बसवायचं ठरलेलं, पण चहाचा ट्रे निघतो आणि तुम्ही दारातच उभे. एकेक कप उचलता, घोट घेता, परत ठेवता आणि पाहुण्यांना सांगता, "प्या निर्धास्त." उष्टा चहा, कोण हात लावणार? मुलाच्या आत्याबाईंनी मला विचारलं, हे तुमच्या घराण्यातच आहे का? मी तोंड उघडलं, तर ओठांवर कवितेची ओळ. शेवटी मुलगीच बोलली. "आजोबांना स्किझोफ्रेनिया आहे, आत्या. औषध चालू आहे. मला धोका इतरांपेक्षा थोडा जास्त, डॉक्टरांना विचारून आलोय. पटलं नाही तर राग नाही. चहा मात्र घ्या, तपासलेला आहे."

मुलगा खाली मान घालून हसला आणि कप उचलून त्याने रिकामा केला. आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. तुम्ही मला बाजूला ओढून कुजबुजलात, "उष्टं प्यायला, तेही लगेच. ह्याला कुणीतरी पाठवलंय." तोच तुमचा नातजावई झाला. शेवटपर्यंत त्याच्यावर नजर ठेवलीत, पण गोळ्या घेतल्यात त्याच्याच हातून. पाण्याचा पहिला घोट त्याला घ्यायला लावून.

हे पाठवायचं कुठे, तेव्हा राहू दे इथेच. तुमच्या सूनबाईंनी आत्ता चहा आणून ठेवला. मी आधी वास घेतला. संशय म्हणून नाही अण्णा, तुमची आठवण म्हणून. बहुतेक.