सत्तर ते तीनशे

४ जानेवारी, सकाळ
निर्णय झाला. डीएसएलआर घ्यायचा. मोबाइलवर फोटो काढणं आजपासून बंद. विषय दोन: वन्यजीवन आणि कुटुंब. याच क्रमाने.

निमित्तही चालून आलंय. मार्चमध्ये ताई परदेशातून येतेय, दादा आणि धाकटाही येतायत. नऊ वर्षांनी आम्ही चारही भावंडं एकत्र. बाबांची एकच मागणी: "चौघं एका फोटोत पाहिजेत." मी म्हटलं, निर्धास्त राहा. बाबा "बरं" म्हणाले. बायकोच्या मते त्या "बरं"मध्ये काळजी होती. मला नाही जाणवली.

१९ जानेवारी
ऑफिसातला डिस्पॅचवाला रविवारी लग्नांचे फोटो काढतो. त्याचा सल्ला: साधी एंट्री-लेव्हल बॉडी घ्या. सोबत अठरा-पंचावन्नची किट लेन्स घरच्यांसाठी, पंचावन्न-अडीचशे पक्ष्यांसाठी. आणि गप फोटो काढत सुटा.
इतकं सोपं असतं होय? माणूस बरा आहे, पण खोलात शिरत नाही.
मी तक्ता केलाय. अकरा मॉडेल, सव्वीस रकाने. "हातात पकड कशी" हा रकाना रिकामा आहे, कारण अजून एकही हातात घेतलेला नाही.

२ फेब्रुवारी
रकाने एक्केचाळीस. बायको म्हणाली, महिना झाला, एक फोटो नाही. पाया भक्कम असावा लागतो हे तिला कोण सांगणार? मी सांगितलं. ती भाजी निवडत राहिली.

११ फेब्रुवारी
घेतला! बॉडी आणि सत्तर-तीनशेची, लांबचं जवळ आणणारी लेन्स. किट लेन्स साफ नाकारली. ती नवशिक्यांसाठी असते. दुकानदार तीनदा म्हणाला, "साहेब, मग घरातले फोटो कसे काढाल?" मी म्हटलं, घरातले मागे सरकतील. त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे.

संध्याकाळ
हॉलच्या भिंतीला टेकून समोरच्या भिंतीशी बसलेल्या बायकोचा फोटो काढला. एक डोळा, अर्धं नाक आणि कानातलं मावलं. पण काय शार्प! तिने तो लगेच डिलीट करायला लावला. कलेची कदर नाही.

२० फेब्रुवारी
पहिली वन्यजीवन मोहीम. गावाबाहेरचं तळं. खंड्या दिसला. दोनशे चौदा फोटो. पैकी एकशे नव्वदांत नुसती फांदी, तेवीस फोटोंत पाणी. एकात शेपूट आहे, आणि त्या शेपटीत गती आहे.
ऑटो मोड वापरत नाही. खरा फोटोग्राफर मॅन्युअलच वापरतो. निम्मे फोटो काळपट आले ते ढगांमुळे.
लेकीने विचारलं, फांदीचा फोटो इतक्या वेळा का काढला? वय लहान आहे. सोडून दिलं.

७ मार्च
ताई एक तारखेलाच आलीय, आज दादा आणि धाकटाही आले. ताईचं परतीचं विमान उद्या रात्रीचं, म्हणजे फोटो उद्या सकाळीच. घरात सगळे मावायचा प्रश्नच नाही. अंगण जेमतेम वीस फूट. गणित केलं: बेचाळीस फूट हवेत. दादा म्हणाला, दुसरी लेन्स कुणाकडून माग ना. मी हसलो. अंगणाची भिंत ओलांडली की शेजारच्या निवृत्त नर्सबाईंचं अंगण आहे. तिथे ट्रायपॉड उंच लावायचा. अडचण तिथे युक्ती!

८ मार्च, दुपार
शांतपणे लिहितोय. गुडघ्याला पट्टी आहे.

नऊ वाजता सगळे ओळीत. बाबा मधे खुर्चीवर, इस्त्रीचा सदरा घालून आठपासूनच बसलेले. मी भिंतीपलीकडे. बाबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे मी "डावीकडे" ओरडलो की ते "काय?" विचारत आणि ताई त्यांच्या कानाशी जाऊन सांगे, की ओळ मोडलीच.

मग मुद्दा निघाला की चौघांत मीही येतो. बायको म्हणाली, नर्सबाईंना बटण दाबायला सांगा. बाई ओट्याजवळच्या खिडकीत उभ्याच होत्या. पण नवख्या हातात डीएसएलआर? छे! मी टायमर लावला. दहा सेकंद.

दहा सेकंदांत बेचाळीस फूट धावणं, मधे भिंत चढणं, उतरणं आणि हसरा चेहरा. कागदावर जमत होतं.
पहिल्या खेपेला भिंतीपर्यंत पोहोचलो. दुसऱ्या खेपेला भिंतीवर. तिसऱ्या खेपेला एक पाय इकडे, एक तिकडे आणि पँट खिळ्यात. धाकटा खाली बसून हसायला लागला. मग दादा, मग ताई. बाबांना नीट दिसेना म्हणून ते खुर्चीतून उठले आणि त्यांना हसताना ठसकाच लागला. चौथ्या खेपेला पडलो.

संध्याकाळ
फोटो कॉम्प्युटरवर पाहिले. फोकस चारही वेळा माझ्या पाठमोऱ्या सदऱ्यावर. घरचे सगळे मागे धुक्यात. ताईला सांगितलं, थोडं एडिट करून पाठवतो. ती म्हणाली, "असू दे रे," आणि विमानतळावर जाईपर्यंत मला चिकटून बसली.
बाबांना काय सांगू? अजून विचारलं नाही त्यांनी. विचारतील.

२९ मार्च
बाबांनी विचारलंच नाही. का ते आज कळलं.
ते फ्रेमवाल्याकडून घरी आले, बगलेत कागदात गुंडाळलेली मोठी फ्रेम. नर्सबाईंनी त्या दिवशी खिडकीतून मोबाइलवर एक फोटो काढला होता. बाबांनी तो वाढवून आणला. हॉलमध्ये खुर्चीसमोर खिळा ठोकायला मलाच सांगितलं.
सगळे आहेत. दादा पोट धरून, ताई डोळे पुसताना, धाकटा जमिनीवर, बाबा उभे, तोंड उघडं. आणि अगदी पुढे, भिंतीवर घोड्यावर बसावं तसा मी. कडक उन्हात, सगळं लख्ख, अगदी फाटलेल्या पँटपर्यंत.
मी म्हटलं, बाबा, यात माझी नुसती पाठ दिसते, तोंड कुठाय?
बाबा फ्रेम सरळ करत म्हणाले, "चौघं आलात ना! आणि तुझं तोंड काय, ते मला पाठ आहे."