आतून काळं पिंप

आबा, परवा मार्गासनीला गेले होते. दादानं घर शाकारायला काढलंय, तेव्हा माळ्यावरून साहेबाचं पिंप खाली आलं. कळशीएवढंच ते, पण दादाला त्यात गुरांची पेंड भिजवायची होती. मी ते मोटारीत मांडीवर घेऊन भोरला आले. तुमच्या सुनेला वाटलं, नणंदेनं माहेरची वाटणी नेली.

धरणावरच्या साहेबानं ते गळतं म्हणून गावचे सुतार म्हणून तुमच्याकडे दुरुस्तीला दिलं होतं. विलायती लाकडाचं. त्यात भट्टीची पांढरी दारू भरून वर्षभर विसरायची, की ती लाल होऊन निघते, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही वरची फळी काढलीत तर आत सगळा कोळसा. "कुणा गाढवानं जाळलंय बग, एवढं चांगलं लाकूड!" म्हणालात आणि तासणी चालवून आतून लख्ख करून ठेवलंत. आई कौतुकानं बघत होती. साहेबानं मात्र कपाळावर हात मारला. त्या काळ्या थरातूनच दारूला रंग येतो म्हणाला. तुमचा चेहरा तेव्हा इतका उतरला की मला साहेबाचा राग आला. "म्या केलंय, म्याच निस्तरतो," एवढंच तुम्ही बोललात.

भाताचं शेत भाजायला, राबासाठी तोडलेल्या फांद्यांचा जाळ आत फिरवून तुम्ही ते पुन्हा काळं केलंत. साहेबानं दारू भरली आणि वर्ष भरायच्या आत त्याची बदली झाली. येऊन नेतो म्हणून पिंप आपल्याच घरी ठेवून गेला. झालं! गळ्यात तुळशीची माळ आणि घरात दारू. त्यात ती आपोआप कमी होत होती. थोडी लाकूड पितं, थोडी हवेत जाते, पण गावाला कोण सांगणार? भजनाचे बुवाच रोज घोटभर घेतात, अशी तुमची बोलवा झाली आणि भजनाला बोलावणं बंद झालं. आई म्हणायची, "वतून द्या की वढ्यात! कुणासाठी राकताय?" तुम्ही बूच काढून वास घ्यायचात आणि ते पुन्हा ठोकून बसवायचात. एकदा मीच म्हटलं, "आबा, एक थेंब जिभेला लावा, म्हंजी कळंल."

"माळ काय खुंटीला टांगू? दारूचं मला काय करायचंय, पोरी? काम बरं झालं का न्हाई, एवढंच कळाया पायजे."

साहेब आला नाही. तुम्ही तसेच गेलात. याचा मला अजून राग येतो, आणि आता तो साहेबाचा नाही, तुमचा. न घेतलेल्या दारूपायी भजन गेलं, आणि हवं होतं ते उत्तरही मिळालं नाही.

तेराव्यानंतर आईनं पिंप माझ्याकडे दिलं, ओढ्यात रिकामं करून आण म्हणाली. बूच काढून मी आधी ओंजळीत घेतली. लाल होती, आबा. काकवीसारखी लाल. प्यायले तर घशापर्यंत जाळ, डोळ्यांत पाणी. ओढ्यावरच्या बायका म्हणाल्या, बापासाठी रडतीय. तेही खरंच होतं.

हा कागद कुठं धाडायचा नाही, पिंपातच ठेवणार आहे. चव कशी होती, ते मी काय सांगणार? जन्मात पहिल्यांदाच चाखलेली. पण ओतायच्या आधी मी पुन्हा एकदा ओंजळ भरली, आबा. पहिली तुमच्यासाठी होती. दुसरी माझी.