सपाट गोळी आणि मधली दरी

आदरणीय आत्या,

(‘सिस्टर’ लिहावं की ‘आत्या’ या घोळात एक कागद वाया गेला. भूमितीच्या तासाला मी तुम्हाला आत्या म्हटलं म्हणून तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं होतंत, ते अजून विसरले नाही. पण आता तुम्ही एकोणनव्वदच्या आणि मी सहासष्टची, तेव्हा धीर करते.) तुमचा गुडघा कसा आहे? आश्रमातल्या नव्या स्वयंपाकिणीला मीठ सापडलं का? रानचेरीच्या जेलीच्या दोन बाटल्या पाठवल्या आहेत. एक तुमची, एक मदर सुपीरियरची. दोन्ही तुमच्याच कपाटात राहतील हे मला ठाऊक आहे. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक काहीही नाही.

शिकारीचा हंगाम तेरा दिवसांवर आलाय आणि माझा नवरा रायफल निवडतोय. मे महिन्यात क्लेमच्या हृदयाची झडप बदलली हे तुम्हाला कळवलंच होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं, सपाटीवर हवं तेवढं चाला, चढाचं नाव काढायचं नाही. क्लेम सगळा वेळ इतका शहाण्यासारखा मान डोलावत होता की मला तेव्हाच संशय यायला हवा होता. तुम्हाला आपली दरी आठवते ना? अलीकडच्या कड्यावर बसायचं, पलीकडच्या उतारावर संध्याकाळी हरणं बाहेर येतात. एक्केचाळीस वर्षं क्लेम दरीत उतरून, पलीकडे चढून, त्यांच्या शंभर पावलांवर जाऊन शिकार करत आला. आता चढायचं नाही, तर त्याने काय ठरवलं? अलीकडूनच मारायचं! त्यासाठी गोळी लांबवर सपाट जाणारी हवी, म्हणजे वाटेत कमी खाली पडणारी. झालं. ऑगस्टपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर ताटाला जागा नाही, नुसते तक्ते. दोनशे यार्डांवर नेम जुळवला तर चारशेवर कुठली गोळी किती खाली येते, याचे. सात मिलिमीटर मॅग्नम नावाची गोळी अठरा इंच पडते, दोनशे सत्तर नावाची वीस इंच, साडेसहा मिलिमीटर चोवीस. (मला हे तोंडपाठ आहे. तुमच्या परीक्षेला मी एवढा अभ्यास केला असता तर बाबांना शाळेत बोलावणं आलं नसतं.) तुम्ही फळ्यावर खडूने कमान काढून म्हणायचात की फेकलेली प्रत्येक वस्तू खालीच येते, एखादी आधी, एखादी नंतर. हे मी क्लेमला ऐकवलं तर म्हणाला, ‘आत्यांना सांग, मला ती जरा नंतर यायला हवीय.’

मागच्या मंगळवारी मला व्हर्लच्या बंदुकांच्या दुकानात नेलं. मत द्यायला नव्हे, गाडी चालवायला. तिथे आपला शेजारी गसही होता. तिघे काउंटरवर कोपर टेकवून असे बोलत होते, जणू मुलीसाठी स्थळ बघताहेत. व्हर्लचा जीव मॅग्नमवर. गस म्हणाला, ‘तिचा धक्का बसला की क्लेमची नवी झडप बाहेर येऊन पडेल. साडेसहाच घे, मऊ आहे.’ व्हर्ल म्हणाला, ‘मऊच हवं असेल तर उशी घेऊन जा म्हणावं.’ क्लेम दोघांकडे बघून खूश. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याच्याशी कुणी आजाऱ्यासारखं बोलत नव्हतं, म्हणून मीही गप्प होते. शेवटी राहवलं नाही. विचारलं, ‘गोळी सपाट गेली, हरीण पडलं, इथपर्यंत कळलं. पण ते पडणार दरीपलीकडे. आणायला कोण जाणार?’

आत्या, गृहपाठ न केलेली पोरं तुमच्या वर्गात बसायची, तसे तिघे दिसायला लागले. व्हर्लने गल्ला उघडून पुन्हा बंद केला. गस भिंतीवरच्या पेंढा भरलेल्या माशाकडे पाहू लागला. दोन महिने तिघा जाणत्या पुरुषांनी गोळीला दरी ओलांडून दिली, आणि माणसाचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही! क्लेम म्हणाला, ‘ते नंतर बघू.’ गस म्हणाला, ‘मी येईन की.’ त्याचं कंबरडं कसं आहे तुम्हाला माहीत आहे. तो स्वतःचे बूट सुनेकडून बांधून घेतो.

माझी काळजी तुम्हाला कळेल. क्लेम मारलेलं जनावर टाकून येणारा माणूस नाही. एकदा जखमी मादीमागे दोन दिवस हिंडला होता, तिसऱ्या दिवशी तापाने पडला. हरीण पलीकडे पडलं की डॉक्टरीणबाई, मी, देव, कुणाचंही न ऐकता तो उतरणार. आणि मी स्वयंपाकघरात दोन ताटं मांडून बसणार.

म्हणून मी ठरवलं, मीच जाऊन बघते, आणायला जमतं का. रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर नारिंगी जाकीट चढवलं, त्याची जुनी वॉकीटॉकी घेतली आणि उतरले. क्लेम पिकअपपाशी कॉफी घेऊन बसला, बरोबर अंतर मोजायची नवी दुर्बीण. (रायफल ठरायची होती, दुर्बीण आधीच आली होती.) एक तास दहा मिनिटं लागली. अकरा वेळा बसले. प्रत्येक वेळी मला बाबांच्या गोष्टीतल्या तुम्ही आठवलात, एकोणीस वर्षांच्या, घोट्यापर्यंतच्या लोकरी झग्यात, इथूनच हरीण पाठीवर घेऊन उतरणाऱ्या. बाबा ते सांगताना नेहमी पुढे म्हणायचे, ‘आणि महिन्याभराने पोरगी नन व्हायला आश्रमात गेली, रायफल पिठाच्या पिंपामागे ठेवून.’

वर पोचले, वळले, तर वॉकीटॉकी ओरडली, ‘हलू नकोस! चारशे बारा!’ माझ्याच नवऱ्याने माझं अंतर मोजलं होतं, आणि आवाजात काय तो आनंद. मी म्हटलं, ‘अरे, मेले का जगले ते विचार आधी.’ मग म्हणाला, ‘रोझ, फार लांब दिसतेस गं. परत ये.’

परत येताना तळातल्या ज्युनिपरच्या झुडपांत जरा वाट चुकले. दहा मिनिटं, जास्त नाही. वॉकीटॉकीही तिथे बोलेना. बाहेर आले तर क्लेम समोर! एक तृतीयांश उतार उतरून आलेला, टोपी नाही, चेहरा पिठासारखा. मी किंचाळलेच, ‘डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या?’ तर तो माझ्यावरच डाफरला, ‘दहा मिनिटं दिसली नाहीस तू! दहा मिनिटं!’

‘मी एक्केचाळीस वर्षं खिडकीशी उभी असते,’ मी म्हटलं.

तो दगडावर बसला. मीही बसले. वर चढायला आम्हाला पाऊण तास लागला, हात धरून, दर वीस पावलांना थांबत. कॉफी गार झाली होती. सोमवारी त्याने तक्ते उचलून चुलीत घातले आणि टेबल पुसलं.

दरीचा बेत रद्द. नदीकाठच्या कुरणात संध्याकाळी हरणं येतात. गवताच्या गठ्ठ्यावर बसलं की ऐंशी पावलांवर. चढ नाही, आणि पिकअप जनावरापर्यंत जाते. फक्त चार दिवस झाले, क्लेम गावात गेलेला नाही.

तुमच्या प्रार्थनेत आम्हा दोघांना ठेवा, त्याला आधी.

तुमची,
रोझाली

ता. क. खरं काम हे. व्हर्ल आणि गसला काय तोंड दाखवू, या लाजेने तो घरात बसलाय. दोन महिने चारशे यार्डांच्या गप्पा मारून म्हातारबाबासारखं गवतावर बसायचं! तेव्हा तुम्ही त्याला पत्र लिहा की यंदाचं हरीण तुमच्या जुन्या दोनशे सत्तर रायफलनेच, कुरणातूनच मारायचं, आणि त्याच्या मांसाचे सॉसेज आश्रमात पाठवायचे. खोटं लिहायला सांगत नाही हो; नुसती आज्ञा करा, आज्ञा काही खोटी नसते. रायफल मी तेल लावून ठेवली आहे. ती अजून पिंपामागेच होती. बाबांनी दरवर्षी तेल दिलं होतं, डबा तिथेच सापडला.

ता. क. २. हे त्याला कळता कामा नये.

ता. क. ३. पत्र टाकायला त्याच्याचकडे दिलं, ही माझी अक्कल. पाकीट उघडं परत आलंय. कागदाच्या तळाशी त्याच्या हाताने लिहिलंय, तसंच राहू देते:

‘आत्या, लवकर लिहा. अक्षर मोठं काढा, व्हर्लला चष्म्याशिवाय वाचता आलं पाहिजे. आणि गठ्ठ्यावर दोघांना बसावं लागेल असंही घाला. हिला एकटीला खिडकीशी ठेवत नाही आता. — क्लेम’